काचपेटीतले प्रवाळ

मासे पाळण्याच्या पेटीत दगड, वाळू आणि वनस्पती मांडून देखावा उभा करण्याच्या कलेला ‘ॲक्वास्केपिंग’ म्हणतात. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी गोड्या पाण्यातील अशा रचनांना प्रतिष्ठा मिळवून दिली. खाऱ्या पाण्याच्या पेटीत वनस्पतींची जागा प्रवाळ घेतात. अशा पेट्यांची छायाचित्रे पाहून समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बल्लारपुरातही कोणाला ती हौस वाटली, तर नवल नाही. मात्र या कलेचे गुणदोष चित्रकलेच्या मापाने ठरवता येत नाहीत.

नवशिका रचनाकार दगडांची भिंत मागच्या काचेला टेकवून उभी करतो. समोरून ती भरगच्च दिसते. पण भिंतीमागे पाणी फिरत नाही, तेथे खाद्याचे कण व विष्ठा साचून कुजतात, नायट्रेट वाढते आणि शेवाळ माजते. दोन असमान उंचवटे, मध्ये वाळूची खिंड आणि एखादी पुढे आलेली कपार ही मांडणी डोळ्यांना बरी वाटते; पाण्याला आणि माशांना तर ती हवीच असते. रचनाकाराने काय मांडले यापेक्षा काय मोकळे सोडले, हे आम्ही आधी पाहू.

प्रवाळ हे प्राणी आहेत, आणि ते वाढतात. काही जाती रात्री लांब दंशक शुंडके पसरून शेजाऱ्याला जाळतात. म्हणून पहिल्याच दिवशी ‘पूर्ण’ दिसणारी पेटी आम्हाला सदोष वाटते. प्रवाळाच्या ऊतींत एकपेशीय शैवाले राहतात व प्रकाशसंश्लेषणातून त्याला अन्न पुरवतात. त्यामुळे फांद्यांचा ॲक्रोपोरा वर प्रखर उजेडात हवा, मंद उजेडावर भागणाऱ्या जाती खाली. रंगसंगती त्यानंतर! २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवण्यात आल्या. तेथेही नवी जागा निवडताना प्रश्न होता तो प्रवाळ जगतील का, हाच.

आता बल्लारपूरचा विचार करू. प्रवाळपेटीचे पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास राखावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो. पाणी काही अंशांनी तापले की शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ व २०१६ साली जगभरच्या समुद्रांत हेच घडले. दुपारी काही तास वीज गेली, की शीतक आणि पंप दोन्ही बंद! शिवाय सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ताडोबाचा वाघही त्याच अनुसूचीत आहे. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा सुकलेला तुकडा ‘शोभेसाठी’ विकत घेणे म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

दिवाणखान्यातल्या पेटीत गोल्डफिशमागे प्लॅस्टिकचे प्रवाळ आणि निळी खडी असते. त्यात कायदा मोडत नाही, पण गोड्या पाण्यातल्या माशाला समुद्राचा पडदा लावणे हे वाईट नेपथ्य आहे. शाळेने पेटी करायचीच तर वर्धा नदीच्या तळाची करावी: गोटे, वाळू, बुडालेले ओंडके, व्हॅलिस्नेरिया, आणि रासबोरा किंवा पुंटियससारखे लहान मासे. मोकळ्या जागेची कसोटी येथेही तीच.

दगड निवडताना मात्र जपावे. नदीपलीकडे राजुरा-कोरपना भागात चुनखडक आहे. तो प्रवाळ पृथ्वीवर उपजण्यापूर्वीच्या समुद्रात साचला. म्हणजे समुद्र येथेही होता. असा दगड गोड्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहावा. फसफसला तर तो दगड पेटीबाहेर, वर्गाच्या टेबलावर ठेवावा.