राधानगरीचा बांध आणि लोकसत्तेचा पाया

करवीर संस्थान ता. १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्या स्थित्यंतरासंबंधानें आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत मुख्यतः दोन मतें आढळतात. पहिलें असें कीं, श्रीशाहू छत्रपतींच्या जाहीरनाम्यांनीं करवीरांत लोकसत्तेचा पाया पूर्वींच घातला गेला होता; विलीनीकरणानें त्यावर केवळ कळस चढला. दुसरें असें कीं, संस्थानी कारभार म्हणजे निव्वळ एकतंत्री अंमल. प्रजेचें राज्य सुरू झालें तें विलीनीकरणाच्या दिवशीं. वरवर पाहतां हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु साधनांच्या दृष्टीनें दोहोंत एकच दोष आहे व तो दाखवून देणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय. दोन्ही पक्ष एकेका कागदावर सारी भिस्त ठेवतात. एक हुकुमाचा कागद पुढें करतो, दुसरा कराराचा. त्या कागदाचा पुढें अंमल कसा झाला आणि त्याचा जाब कोणीं कोणास विचारला, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं.

हा प्रश्न करवीरपुरता नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्यांच्या ताब्यांतून सुटलेल्या बहुतेक देशांनीं राज्यघटना लिहिल्या. पाकिस्तानची पहिली घटना १९५६ सालीं अमलांत आली व १९५८ च्या आक्टोबरांत लष्करी कायद्यानें तिचा शेवट केला. ब्रह्मदेशांत १९६२ च्या मार्चांत सेनेनें सत्ता घेतली. घानांत स्वातंत्र्यानंतर नऊ वर्षांच्या आंत, म्हणजे १९६६ च्या फेब्रुवारींत, तोच प्रकार झाला. प्रत्येक ठिकाणचीं कारणें निरनिराळीं होतीं. तथापि चांगला कागद लिहिल्यानें चांगलें राज्य टिकतें असें नाहीं, एवढें या तिन्ही उदाहरणांवरून सिद्ध आहे. मग टिकतें तें कशावर? या प्रश्नाचा विचार राजधानीपेक्षां एखाद्या तालुक्याच्या गांवीं बसून केल्यास अधिक उलगडा होईल, असें आम्हांस वाटतें.

त्या कामीं राधानगरी हें स्थळ विशेष सोयीचें आहे. कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशींत, भोगावतीच्या खोऱ्यांतील हें गांव शाहू छत्रपतींनीं १९०८ सालीं वसविलें व आपल्या कन्येचें नांव त्यास दिलें. जवळच फेजिवडे येथें नदी अडवून मोठा तलाव बांधण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आठवण अद्याप बुजली नव्हती. पाण्याची तजवीज हें राजाचें पहिलें कर्तव्य, ही त्यामागील भावना होती. १९१८ पर्यंत बांध सुमारें ४० फूट उंच आला आणि पैशाच्या अडचणीमुळें काम थांबलें. ता. ६ मे १९२२ रोजीं छत्रपति निवर्तले. बांध पूर्ण झाला तो १९५७ सालीं. मध्यंतरीं दोन राज्यकर्ते निवर्तले, संस्थान गेलें, देश स्वतंत्र झाला. तात्पर्य, या एकाच बांधाचा पायथा राजाज्ञेचा आहे व माथा लोकनियुक्त सरकारच्या अमदानींतील आहे. एकाच शिळेवर दोन काळांचीं अक्षरें ओळखून काढणाऱ्या आमच्या वाचकांस या साधनाचें मोल निराळें सांगावयास नको.

आतां पहिल्या मताची परीक्षा करूं. त्याची बाजू लंगडी नाहीं, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. ता. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस राखून ठेवण्यांत आल्या. सर्व हिंदुस्थानास लागू होणारी तशी तरतूद १९५० च्या राज्यघटनेंत आली. १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. मुंबई इलाख्यांत पुढच्याच वर्षीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें झालेला कायदा नगरपालिकांपुरता व केवळ मुभा देणारा होता, आणि शिक्षण हा मूलभूत हक्क ठरण्यास २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली. कुलकर्णी वतनें करवीरांत १९१८ सालीं बरखास्त होऊन तेथें पगारी तलाठी आले; मुंबई राज्यांत तशा अर्थाचा कायदा होण्यास १९५० साल उजाडलें. महारवतनाच्या जोखडांतून रयतेस सोडविण्याचें पाऊल करवीरांत १९१८ सालीं पडलें. मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा आहे. हे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे दिसतें कीं, जेथें हुकूम एका दिवसांत पोंचला तेथें कायदेमंडळांस तीस-चाळीस वर्षें चालावें लागलें.

परंतु वेग व टिकाऊपणा हे दोन निराळे गुण आहेत. १९०२ चा हुकूम प्रसिद्ध झाला तेव्हां स्वतः छत्रपति सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस होते. हुकुमाचें काम घरीं राहिलेल्या अधिकाऱ्यांनीं करावयाचें होतें. म्हणूनच कीं काय, प्रत्येक खातेप्रमुखानें आपल्या कचेरींतील पुढारलेल्या व मागासलेल्या नोकरांचें तिमाही पत्रक पाठवावें, अशी आज्ञा त्याच हुकुमांत घातलेली आहे. चरित्रकार शेंकडा ५० हा आंकडा आवर्जून देतात. तिमाही पत्रकाची आज्ञा मात्र बहुधा ओझरती जाते. आमच्या मतें त्या हुकुमाचा प्राण त्या पत्रकांत आहे. हक्क देणें हें एका सहीचें काम. दिलेल्या हक्काचा दर तीन महिन्यांनीं हिशेब मागणें ही राज्यपद्धति होय. त्या पद्धतींतील उणीव एवढीच कीं, हिशेब मागणारा एकटा दरबार होता. ज्यांच्यासाठीं जागा राखल्या त्यांस तो मागण्याचा अधिकार नव्हता. राजाचें लक्ष दुसरीकडे गेलें, त्याची तिजोरी रिकामी झाली अथवा त्याचें देहावसान झालें, तर हिशेब मागणार कोण? फेजिवड्याचा चाळीस फुटांवर थांबलेला बांध हें या प्रश्नाचें दगडी उत्तर होय.

सद्हेतूनें केलेली सुधारणा संमतीवांचून लादली म्हणजे काय होतें, याचा जुना दाखलाही याच मुलखांत आहे. राजा अल्पवयीन असतां कंपनी सरकारच्या देखरेखीखालीं दाजी कृष्ण पंडित यांनीं संस्थानचा कारभार सुधारण्यास आरंभ केला व गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोंपविली. वसुलाच्या दृष्टीनें ती नीटनेटकी होती. परंतु गडकऱ्यांस कोणीं विचारलें नव्हतें. १८४४ सालीं सामानगडानें दरवाजे लावून घेतले, भुदरगड त्यास मिळाला आणि कंपनीस फौज आणून गड घ्यावे लागले. हें बंड लोकसत्तेसाठीं होतें असें म्हणण्याचें धाडस आम्हीं करीत नाहीं. तें वहिवाटीच्या हक्कांसाठीं होतें. पण जिचें चांगलें करावयाचें त्या रयतेला विचारावें लागतें, हा धडा त्यांत आहे आणि परकीय अंमल तो शेवटपर्यंत शिकला नाहीं.

दुसऱ्या मताकडे वळूं. विलीनीकरण म्हणजे लोकसत्तेचा जन्म, असें म्हणणारांनीं तो जन्मदाखला एकदां नीट पाहावा. जुनागडांत १९४८ सालीं लोकांचें मत घेण्यांत आलें. करवीरांत तसें झालें नाहीं. विलीनीकरणाचा करार राजा व भारत सरकार यांजमधील होता. म्हणजे लोकांच्या राज्याचा म्हणून जो कागद दाखविला जातो त्यावर लोकांपैकीं कोणाची सही नाहीं! लोकांची खरी चळवळ त्याच्या दहा वर्षें आधींची. १९३९ सालीं माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार प्रभृतींनीं प्रजापरिषदेचें कार्य आरंभिलें व जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. देश स्वतंत्र झाल्यावर करवीरांत लोकपक्षाचें मंत्रिमंडळही आलें. त्याचें आसन स्थिर होण्यापूर्वींच ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा वध झाला आणि कोल्हापुरांत जाळपोळ उसळली. ब्राह्मणांचीं घरेंदारें जळालीं, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. थोड्याच दिवसांत तें मंत्रिमंडळ जाऊन भारत सरकारचा प्रशासक आला. करवीरच्या लोकसत्तेचा पहिला प्रयोग असा कांहीं महिन्यांत आटोपला.

हें प्रकरण लिहितांना दोन्ही पक्षांची लेखणी अडखळते, कारण तें दोघांसही गैरसोयीचें आहे. राजाज्ञेनें नोकऱ्यांची न्याय्य वांटणी करतां आली. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील तेढ राजाज्ञेनें मिटली नाहीं. लोकपक्षाच्या हातीं सत्ता आली. पण जमावाच्या हातून दुबळ्याचें घर वांचविण्याची शक्ति त्या सत्तेंत अद्याप नव्हती. बहुसंख्येचा जोर आणि लोकसत्ता या दोन वस्तु भिन्न आहेत. पहिला एका रात्रींत प्रकट होतो. दुसरीस संवय लागते.

ही संवय मुद्दाम लावून पाहण्याचा एक प्रयत्न करवीरच्या शेजारींच झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ च्या जानेवारींत गांधीजींच्या सल्ल्यानें नवी घटना देऊन आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हातीं सोंपविली. मताचा हक्क साक्षरतेशीं जोडावा, असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणजे करवीरांत शाळा आली पण मत आलें नाहीं. औंधांत मत आलें व त्याबरोबर शाळेची अट आली. ता. ८ मार्च १९४८ रोजीं औंध विलीन झालें आणि नऊ वर्षांचा तो प्रयोग तेथेंच थांबला. मोठ्या राज्यांत मिसळतांना लहान राज्यांतील चांगल्या वहिवाटीही पुसल्या गेल्या, ही विलीनीकरणाची दुसरी बाजू नोंदली गेली पाहिजे.

मग १९४९ नंतर ही लोकसत्ता टिकली कशी? ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं बजावलें होतें कीं, राजकारणांत प्रत्येकास एक मत व सामाजिक जीवनांत विषमता, ही विसंगति फार काळ चालूं दिली तर त्रस्त झालेले लोक ही इमारतच उडवून देतील. तो धोका संपलेला नाहीं. तरी राधानगरीच्या बांधाकडे पाहून एक गोष्ट सांगतां येते. बांध पूर्ण झाला त्या १९५७ सालींच संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रांतील मतदारांनीं सत्तारूढ पक्षाविरुद्ध कौल दिला. सरकारावर रोष दाखविला म्हणून बांध अर्धवट राहिला नाहीं. राजाच्या काळीं काम राजाच्या तिजोरीवर व आयुष्यावर अवलंबून होतें. आतां सरकारावर नाराज असलेली रयतही त्या पाण्याची हक्कदार ठरली. पुढें १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा, १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या, १९९३ सालीं पंचायतींस मिळालेला घटनेचा आधार, आणि भोगावतीकांठच्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा, यांतून हिशेब मागण्याची संवय वाढली. १९७५ च्या जूनपासून १९७७ च्या मार्चपर्यंत आणीबाणीनें ती दडपली गेली. पण मतपेटी समोर येतांच ती पुन्हां प्रकट झाली.

यावरून आतां सारें सुरळीत झालें, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. याच तालुक्यांत दूधगंगेवर काळम्मावाडीचें धरण झालें तें लोकनियुक्त सरकारच्या काळांत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७६ पासून आहे. परंतु ज्याचें शेत पाण्याखालीं जातें त्याला, हें तुझ्या मतानेंच झालें, असें सांगून समाधान होत नाहीं. गडकऱ्यांचा प्रश्न येथें निराळ्या वेषांत उभा राहतो. बहुमताच्या राज्यांतही थोड्यांना विचारावें लागतें, आणि विचारलें कीं नाहीं याचा पुरावा कागदांतच सांपडतो.

येथें आमच्या टीकेचा रोख आमच्याकडेच वळतो. आम्हीं संग्राहक मंडळी शिक्कामोर्तबाची सनद दिसली कीं हर्षित होतों. कुलकर्णी वतन गेल्यावर घरोघरीं पडून राहिलेले मोडी रुमाल आम्हीं मोठ्या कष्टानें जमविले; कोल्हापूरच्या पुरालेखागारांतील दफ्तरांचें महत्त्वही आम्हीं जाणतों. पण त्यानंतरच्या तलाठ्याच्या फेरफार-नोंदी, पंचायतींचीं ठरावबुकें, मतदारांच्या जुन्या याद्या, पाणीपट्टीचीं पत्रकें, सहकारी सोसायट्यांच्या सभांचीं इतिवृत्तें आणि धरणग्रस्तांचे अर्ज यांस आम्हीं इतिहासाचीं साधनें मानीत नाहीं. वाळवीनें खाल्लें नाहीं तें रद्दीवाला नेतो. शंभर वर्षांनीं कोणी विचारील कीं, इतके देश कोसळले असतां हें राज्य कशावर उभें राहिलें, कोठें कोठें तडकलें, तेव्हां त्यास दाखविण्यास आमच्यापाशीं दोनच कागद असतील : एक राजाचा हुकूम आणि एक राजाचा करार. मधली सारी रयत त्यांत नसेल.

म्हणून या विषयावर लिहूं इच्छिणारांस आमची सूचना अशी कीं, त्यांनीं एखादें एकच गांव घ्यावें, १९१८ पासूनचीं त्याचीं दफ्तरें क्रमानें लावावींत आणि प्रत्येक कागदास दोन प्रश्न विचारावेत : हिशेब कोणीं मागितला, व तो कोणीं दिला? ज्या वर्षीं या दोहोंचीं उत्तरें बदललेलीं दिसतील, तें त्या गांवच्या लोकसत्तेचें पहिलें वर्ष समजावें. तें १९०२ नसेल, कदाचित् १९४९ ही नसेल. पण जें असेल तें कागदोपत्रीं सिद्ध झालेलें असेल.