पाटीच्या मागचं वेगास

आर्किटेक्चर शिकत असताना मी 'लर्निंग फ्रॉम लास वेगास' या पुस्तकावर सेमिनार दिला होता. रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझनॉर यांचं हे पुस्तक १९७२चं. त्याआधी १९६८ साली येल विद्यापीठातले विद्यार्थी घेऊन ही मंडळी वाळवंटातल्या त्या जुगारनगरीत गेली होती. ज्या निऑनच्या पाट्यांना आर्किटेक्ट नाकं मुरडत, त्यांच्याकडे त्यांनी गंभीरपणे पाहिलं. इमारत म्हणजे नुसती शेड, बोलते ती पाटी, हे त्यांचं म्हणणं मला भारीच वाटलं होतं. प्रतिष्ठित अभिरुचीची कुणी फजिती केली, की विशीत आनंद होतोच.

हल्ली रात्री फोनवर मी त्याच शहराची दुसरी कागदपत्रं चाळतेय. लास वेगासमधल्या नेवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'ड्रीमिंग द स्कायलाइन' हा डिजिटल संग्रह सगळ्यांसाठी खुला केला आहे. मार्टिन स्टर्न, होमर रिसमन अशा आर्किटेक्टांची कॅसिनो-हॉटेलांची ड्रॉइंग्ज त्यात आहेत. ती पाहताना माझ्या लाडक्या पुस्तकाबद्दल मला पहिल्यांदा शंका आली.

पुस्तक शहर पाहतं ते मुख्यतः गाडीच्या काचेतून. पाटी, पार्किंग, रस्ता. पण हॉटेल कसं चालतं हे प्लॅन आणि सेक्शनमध्ये कळतं : माणूस कुठून आत येतो, लिफ्टकडे जाताना त्याला जुगाराच्या टेबलांमधून कसं फिरवलं जातं, चादरी आणि ताटं कुठल्या मार्गाने जातात. स्टर्नच्या १९६९च्या इंटरनॅशनल हॉटेलला तीन पंखांचा टॉवर होता. पुढच्या कित्येक रिसॉर्ट्सनी तोच साचा उचलला. ही अक्कल पाटीवर वाचता येत नाही.

सेक्शन न वाचण्याची किंमतही असते. स्टर्नचंच एमजीएम ग्रँड १९७३ साली उघडलं. २१ नोव्हेंबर १९८० रोजी तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये आग लागली. कॅसिनोच्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते. आग खालीच राहिली, धूर मात्र जिने आणि लिफ्टच्या पोकळ्यांतून वर चढला. ८०हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरून. 'नुसती शेड' म्हणताना या पोकळ्या मला दिसल्याच नव्हत्या.

म्हणजे पुस्तक खोटं आणि संग्रह खरा, असं मात्र नाही. या हॉटेलांकडे गांभीर्याने बघायला त्या पुस्तकानेच आपल्याला शिकवलं. आणि ड्रॉइंगलाही आंधळ्या जागा असतात. ड्रॉइंगमधलं वाळवंट म्हणजे कोरा कागद. प्रत्यक्षात 'लास वेगास' या स्पॅनिश नावाचा अर्थच कुरणं. तिथे झरे होते, त्यांच्या आधाराने सदर्न पायूट लोक राहत होते. १९०५मध्ये रेल्वे कंपनीने प्लॉटचा लिलाव करून शहर वसवलं, पाण्याचा उपसा वाढत गेला आणि १९६२पर्यंत झरे वाहायचे थांबले. यातलं काहीच एलेव्हेशनमध्ये उमटत नाही.

माणसांचंही तेच. पन्नाशीच्या दशकात स्ट्रिपवर गाणाऱ्या काळ्या कलावंतांना त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. खोल्या साफ करणाऱ्या बायकाही रात्री वेस्टसाइड वस्तीत परतायच्या. १९५५ साली तिथे मुलां रूज हे सर्वांना प्रवेश देणारं हॉटेल-कॅसिनो उघडलं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. स्ट्रिपवरचा भेदभाव संपवण्याचा करार १९६० साली झाला, तो त्याच इमारतीत बसून. प्लॅनमध्ये दार दिसतं, पण ते कुणासाठी बंद होतं हे दिसत नाही. ते कळायला मौखिक इतिहास ऐकावा लागतो, आणि सुदैवाने त्याच ग्रंथालयाने तोही जपला आहे.

तो सेमिनार आज पुन्हा द्यायचा झाला तर निऑनची स्लाइड मी काढणार नाही. फक्त तिच्या शेजारी एक सेक्शन लावेन, आणि चादरी बदलणाऱ्या एखाद्या बाईचा आवाज ऐकवेन. मग वर्गाला विचारेन, या इमारतीत नक्की काय बोलतं?