जात्याचा खर्ज

१९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे आले, बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात गेला. ज्वारी मात्र दोन्हीकडे पिकत राहिली आणि मराठी घरांत तिच्याबरोबर जात्यावरची ओवीही. लहानशा खोलीत दोघा-तिघांनी एकमेकांच्या श्वासाकडे कान देऊन करायचं संगीत मला या ओवीत पुरेपूर सापडतं.

दोघी समोरासमोर बसतात. खुंट्यावर दोघींच्या मुठी, आणि एकीच्या मोकळ्या हातात ज्वारीचा घास. घास जात्याच्या तोंडात पडला की दगड खर्जात उतरतो, भरदार घरघरतो. दाणे सरत आले की तोच आवाज वर चढतो, कोरडा होतो. गाणारी हे सगळं ऐकत असते. ओवीची ओळ ती सरळ म्हणतच नाही. अर्धी म्हणते, मागे येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ घालते, फेऱ्यागणिक शब्द ताणते. म्हणून दोन ओळींत छापलेली ओवी मला कायम अपुरी वाटते. तिच्यातून दगड गळालेला असतो. ज्यांना आपण भरतीचे शब्द म्हणतो, त्यांच्या आधारानेच पुढची ओळ सुचते, दम घेता येतो, समोरचीला सूर धरता येतो.

चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. किती नेमका शब्द! तीच ओवी दुसऱ्या गळ्यावर घेतली की माहेराशी धरलेला हट्ट विनवणी होऊन जातो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या. त्या आवाजाला तालीम मिळाली असेल तर ती घरकामाचीच, असं मला ऐकताना सारखं वाटतं. आणि कामाचं नि ओवीचं हे नातं जुनं आहे. बाराव्या शतकातला सोमेश्वर राजाचा ‘मानसोल्लास’ सांगतो, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजाच्या ग्रंथात ती शिरली ती उखळापासून उठून.

दळण संपत येतं. रिकामं जातं फिरवलं तर दगडाला दगड घासतो, पिठात कच येते. म्हणून शेवटचा घास सरला की हात थांबतात आणि ओवीही. मग जात्याभोवतीचं कोमट पीठ कुंच्याने सारण्याची सळसळ तेवढी ऐकू येते.