भस्म दिसते, वर दिसत नाही

युरोपात शाळकरी मुलांना ऑशविट्झला नेण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. इस्रायलच्या शिक्षण खात्याने १९८८ पासून विद्यार्थ्यांची पथके पोलंडला धाडण्यास आरंभ केला. ब्रिटनमध्ये १९९९ पासून शाळाशाळांतून निवडलेली मुले विमानाने तिथे जातात आणि त्याच दिवशी घरी परततात. या छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली. त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. १९४७ साली तेथे संग्रहालय झाले. बुटांचे ढीग, मालकांची नावे रंगविलेल्या पेट्या आणि स्त्रियांचे कापून घेतलेले केस तिथे काचेआड ठेवलेले आहेत. १४ वर्षांखालील मुलांना आणू नये, असे संग्रहालयच सुचविते. या प्रथेमागचा हेतू उदात्त आहे, यात शंका नाही. परंतु हेतू चांगला म्हणून साधन चांगले ठरत नाही. स्थळ पाहून विद्यार्थी नेमके काय शिकतो, हा प्रश्न शिक्षकाने विचारावयास हवा आणि लेखकानेही. कारण दोघांचा व्यवहार अखेर वाचण्याशीच आहे.

आपल्याकडील प्रवासवर्णनांत ही छावणी अलीकडे वरचेवर भेटते. लेखक फाटकातून आत शिरतो, सुन्न होतो, त्याचे शब्द संपतात. आणि पुढच्या परिच्छेदात गाडी क्राकोच्या बाजारपेठेत पोचलेली असते. हे सुन्न होणे खोटे असते असे माझे म्हणणे नाही. पण शब्द संपले असे सांगणारा लेखक आपले काम नेमके सुरू व्हायचे तिथेच टाकून देतो. अंगावर काटा येणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे. तिला ज्ञान म्हणता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या सहलीलाही हाच धोका आहे. मुले रडतात, मेणबत्त्या लावतात, आणि आपण दुष्टांच्या विरुद्ध बाजूला उभे आहोत, एवढे समाधान घेऊन परततात.

या समाधानाचे मूळ आपल्या भाषेतही सापडते. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या ग्रंथाने मराठी वाचकाच्या पिढ्यांना हा इतिहास ओळखीचा करून दिला. त्याचे नाव आपल्या तोंडी इतके बसले आहे, की हिटलर म्हटल्याबरोबर भस्मासुर आठवावा. असुर म्हटले की आपली सुटका होते. असुर हा माणूस नव्हे. म्हणून त्याच्याशी आपले नाते नाही. परंतु ही उपमा पुरती वाचली तर ती आपल्याला असे सुटू देत नाही. भस्मासुर आपल्या बळावर भस्मासुर झाला नाही. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होवो, हा वर त्याला शंकराने दिला. कथेचा उत्तरार्ध, म्हणजे मोहिनी, नृत्य आणि स्वतःच्याच माथ्यावर पडलेला हात, आपण चवीने सांगतो. पूर्वार्धाबद्दल विचारीत नाही. वर मागणारा समोर उभा असताना देणाऱ्याने काय पाहिले, आणि काय पाहावयाचे टाळले?

जर्मनीत तो वर हप्त्याहप्त्याने दिला गेला. जुलै १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला ३७ टक्के मते मिळाली. नोव्हेंबरात ती घटून ३३ वर आली. बहुमत त्याच्यापाशी नव्हतेच. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्गने त्याला पंतप्रधान नेमले. हा माणूस आपल्या मुठीत राहील, असा त्या दरबारातील शहाण्यांचा हिशेब होता. २३ मार्चला कायदेमंडळाने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या हाती सोपविले. कम्युनिस्ट सभासदांना आत येऊच दिले नव्हते. विरोधी ९४ मते सारी समाजवादी लोकशाही पक्षाची. बाकीच्यांनी हात वर केले. त्याच्या आदल्याच दिवशी डाखाऊची छावणी उघडली होती. ऑशविट्झला गेलेल्या मुलाला भस्म दिसते. हे हात मात्र तेथे कोठेच दिसत नाहीत.

स्थळाची मर्यादा ही अशी आहे. ट्रेब्लिंका येथे ८ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. पण १९४३ साली नाझींनी ती छावणी मोडून जमीन सपाट केली. आज तिथे १९६४ साली उभारलेल्या स्मारकाचे सुमारे १७ हजार दगड आहेत, आणि भोवती झाडी. ती भूमी स्वतःहून काही सांगत नाही. जे सांगावयाचे ते कागदांनी सांगितले. वॉर्साच्या ज्यू वस्तीत कोंडलेल्या इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने, जो पेशाने शाळामास्तरही होता, सोबत्यांच्या मदतीने मुलांचे निबंध, पत्रे, जाहिराती, रेशनची कार्डे असे जे मिळेल ते गोळा केले आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत भरून जमिनीत पुरले. त्यांतला एक साठा १९४६ साली सापडला, दुसरा १९५० साली. अॅन फ्रँकच्या दैनंदिनीचेही तसेच. तिच्यात छळछावणी नाहीच. शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची, अटक ४ ऑगस्टची. जी मुलगी बर्गेन-बेल्सनच्या छावणीत मेली ती जिवंत असताना कशी भांडत होती, हे त्या पानांवरच कळते. जागा मरण दाखविते, वही माणूस दाखविते. वहीवाचून जागेला जाणे व्यर्थ आहे.

आणखी एक कागद आहे, आणि सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो वर्गात वाचून दाखवावा असे मला वाटते. ज्यूंना मृत्युछावणीत नेणाऱ्या गाड्यांचे भाडे जर्मन रेल्वे आकारीत असे. दर तिसऱ्या वर्गाचा. १० वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, ४ वर्षांखालील मुलांना माफ. ४०० वा अधिक प्रवासी असल्यास निम्म्या भाड्याची सवलत. प्रवाशांचे भाडे एकेरी, पहारेकऱ्यांचे तेवढे परतीचे. आमची मुले एस. टी.च्या सवलतीच्या गाडीने सहलीला जातात. त्यांची यादी करणे, वये लिहिणे, मुख्याध्यापकांची सही घेणे हे सारे त्यांनी पाहिलेले असते. त्यांना हा दरपत्रकाचा तपशील चटकन समजेल. त्या कचेरीत असुर बसला नव्हता. हिशेब चोख ठेवणारा कारकून बसला होता.

आता कोणी म्हणेल, परभणीच्या मुलांना पोलंड कोठले परवडणार? तेव्हा जवळचे स्थळ पाहू. आमच्या सहली पन्हाळा, जोतिबा, रंकाळा करून कोल्हापुराहून परततात. त्याच शहराजवळ, मिरजेच्या लोहमार्गावर, वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. विद्यार्थ्यांना तो अवश्य दाखवावा. मात्र नीट वाचून दाखवावा. ही माणसे हिटलरच्या छावण्यांतून सुटून आलेली नव्हती. स्टालिनच्या राजवटीने १९४०-४१ मध्ये त्यांना सैबेरियाकडे हद्दपार केले होते, आणि इराणमार्गे ती इकडे आली. दोन्ही दुःखे एका पोत्यात भरली तर इतिहास शिकविला असे होणार नाही. शिवाय हे वाचलेल्यांचे स्मारक आहे. आम्ही आश्रय दिला, हा अभिमान इथे फार स्वस्तात मिळतो. वास्तविक छावणीच्या खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता. याच वसाहतीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. एकाच ओसरीवर दोन देशोधडीला लागलेल्या समाजांनी चुली मांडल्या. कापड घ्यावयास जाणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

परंतु खरी परीक्षा याहून जवळ आहे. दर १७ सप्टेंबरला परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वज चढतो. निजामाविरुद्ध लढलेल्यांना आणि रझाकारांनी मारलेल्यांना आपण वंदन करतो. ते केलेच पाहिजे. ते अत्याचार खरे होते. पण १९४८ च्या पोलीस कारवाईवेळी आणि तिच्यानंतर याच मुलखात मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक पोळलेले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो अहवाल अनेक दशके अप्रसिद्धच राहिला. त्या मेलेल्यांसाठी स्तंभ माझ्या पाहण्यात नाही. त्यांना वाचविणाऱ्यांसाठीही नाही. ऑशविट्झशी मी याची बरोबरी करीत नाही. एका राज्याने वर्षानुवर्षे यंत्रासारखा चालविलेला संहार आणि काही आठवड्यांचा सूड या निराळ्या गोष्टी आहेत. पण दूरच्या भस्मापाशी डोळे पुसणारा विद्यार्थी आपल्या वेशीजवळचे भस्म पाहून मान वळवीत असेल, तर त्या सहलीने त्याला काय दिले?

सहलीहून आल्यावर मुलांकडून निबंध लिहून घेण्याची आपली चाल आहे. 'आम्ही काय पाहिले' हा त्याचा ठरीव विषय. तो बदलावा. १९४८ साली आपल्या गावात कोण राहत होते, आज कोण राहत नाही, आणि ते कसे झाले, हे आजी-आजोबांना विचारून लिहावयास सांगावे. काही घरांत उत्तर मिळणार नाही, काही घरांतून शिक्षकाकडे तक्रार येईल. ती ऐकून घेण्याची तयारी असेल, त्या शिक्षकानेच मुलांना स्मारकाकडे न्यावे.