तक्त्यात न दिसणारे दहा दिवस

या सदरात आपण एरवी पुस्तकांची परीक्षणे वाचता. या वेळी परीक्षणासाठी आम्ही एक आलेख घेतला आहे. अंगणवाडीत आणि माता-बाल संरक्षण कार्डात असतो तो बाळाच्या वाढीचा तक्ता. आडव्या अक्षावर वय महिन्यांत, उभ्या अक्षावर वजन किलोग्रॅममध्ये, मध्ये हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा. मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. शाळेत आलेख शिकवताना आपण तापमानाचे किंवा पावसाचे आकडे घेतो. पण बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरात ट्रंकेच्या तळाशी हा आलेख कधीतरी पडलेला असतो, आणि तो त्यांच्या स्वतःच्या शरीराचा असतो.

परीक्षणाची इच्छा झाली ती बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील एका वस्तीवर. सप्टेंबरचा महिना होता. पहिलटकरीण माहेरी आली होती, मुलगा झाला होता, जन्माच्या वेळी वजन २.६ किलो. पाचव्या दिवशी, पाचवीची पूजा मांडलेली असतानाच, अंगणवाडीताईंनी बाळाला काट्यावर घातले. वजन २.४ भरले. ताईंनी कार्डावर ठिपका दिला तो पिवळ्या पट्ट्यात पडला. आजीला आकडे वाचता येत नव्हते, पण रंग कळत होता. ‘‘लेकरू वाळलं की. हिला दूधच नाही,’’ असे म्हणून तिने निकाल दिला. संध्याकाळी दुधाच्या पावडरीचा डबा घरात आला होता.

आता या निकालात चूक कोणाची? आजीची नाही. तिने समोरचा आलेख बरोबर वाचला. ताईंनी ठिपकाही बरोबर दिला. आमच्या मते चूक आलेखाची आहे.

बाळाच्या शरीरात जन्मतः सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. गर्भजलातून बाहेर आल्यावर यातील जादा पाणी पहिल्या काही दिवसांत लघवीतून आणि त्वचेतून जाते. आतड्यातील काळपट हिरवी पहिली शी बाहेर पडते. त्याच वेळी पोटात जाते ते चिकाचे दूध, आणि पहिल्या दिवशी ते काही चमचेच असते. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. जाणारे जास्त, येणारे कमी, म्हणून वजन उतरते. साधारणपणे ५ ते ७ टक्के. नंतर दूध वाढते, वजन वळते आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन भरून निघते. वस्तीवरच्या बाळाने २०० ग्रॅम गमावले होते. २.६ किलोच्या ते ७.७ टक्के. नेहमीपेक्षा थोडे जास्त, लक्ष ठेवावे इतके. डबा आणावा इतके नव्हे.

तक्त्यावर मात्र ही उतरण नाही. तिथे रेघा जन्मापासून वरच चढतात. याचे एक कारण अगदी भूमितीतले आहे. पाच वर्षांचे ६० महिने जर २० सेंटिमीटर रुंदीत बसवले, तर एक महिना जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि दहा दिवस एक मिलिमीटरच्या आसपास. पेन्सिलीचे टोकच तेवढे जाड असते. आलेखाची मोजपट्टी निवडली की काय दिसणार आणि काय दिसणार नाही हेही आपण निवडलेले असते. ही गोष्ट वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

दुसरे कारण रेघा कोणाच्या आहेत यात आहे. त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आहेत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बाळांची मापे त्यासाठी घेतली गेली. बाळे अंगावर पिणारी, आया धूम्रपान न करणाऱ्या, घरची परिस्थिती बरी. भारतातील मापे दक्षिण दिल्लीतील. अनुकूल परिस्थितीत मूल कसे वाढते हे दाखवणारा हा मानदंड आहे आणि त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. त्याने जुनी एक मोठी चूक सुधारली: पूर्वीची मापे बरीचशी बाटलीच्या दुधावरच्या मुलांची होती. पण या मानदंडात मुलाचे मधले जन्मवजन ३.३ किलो आहे आणि पिवळा पट्टा २.५ च्या खाली सुरू होतो; मुलींच्या बाबतीत ३.२ आणि २.४. आता पुण्याजवळच्या खेड्यांकडे पाहा. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून सहा गावांत केलेल्या अभ्यासात सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास निघाले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. म्हणजे आपले सरासरी खेड्यातले बाळ हिरव्या पट्ट्याच्या काठावर जन्मते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फक्त पाणी गेल्यामुळे काठावरून खाली घसरू शकते. पिवळा रंग त्या दिवशी कुपोषण सांगत नाही, लघवी सांगतो.

(याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. ही लहानखुरी बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी बारीक, पण त्वचेखालच्या चरबीने तितकी बारीक नव्हती. दोन बाळांचे वजन सारखे भरले तरी आतला माल सारखा असेलच असे नाही. काट्याला हे कळत नाही. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.)

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. काही बाळांचे वजन खरोखर धोक्याइतके उतरते. बाळ स्तनाला नीट लागलेले नसते, दूध पोहोचत नाही, रक्तातील सोडियम वाढते, बाळ सुस्त होते, कावीळ वाढते. आजी म्हणते, ‘‘किती गुणाचं लेकरू, रडत नाही.’’ बीडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत हे लवकर घडू शकते. जन्मवजन ३.२ किलो असलेले बाळ पाचव्या दिवशी २.८ वर आले तर त्याचे साडेबारा टक्के गेले, पण तक्त्यावर ते हिरव्यातच आहे! रंग पाहणारा निश्चिंत राहील. तेव्हा पहिल्या दहा दिवसांत हा तक्ता निरोगी बाळाला आजारी ठरवतो आणि आजारी बाळाला निरोगी. मोजमापाच्या साधनावर याहून कठोर टीका करता येत नाही.

मग १० टक्क्यांची लक्ष्मणरेषा घालून टाकावी काय? अनेक पुस्तकांत ती असतेच. तीही निसर्गाने आखलेली नाही. उत्तर कॅलिफोर्नियातील १ लाख ६० हजार बाळांच्या नोंदींवरून २०१५ साली तासागणिक वक्र काढण्यात आले. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत ७२ तासांपर्यंत चौथ्या हिश्श्याहून अधिक बाळांनी १० टक्के किंवा जास्त वजन गमावले होते. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांत हे प्रमाण बरेच कमी होते. आईला प्रसूतीच्या वेळी शिरेतून सलाइन दिले असेल तर त्यातील काही पाणी बाळातही जाते आणि जन्मवजनच फुगलेले मिळते. म्हणून काही संशोधकांनी २४ तासांनंतरचे वजन पाया धरावे असे सुचवले. पाया कोणता धरला यावर टक्केवारी ठरते, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

आता काट्याकडे. अंगणवाडीत वर्षानुवर्षे टांगलेला असे तो २५ किलोचा स्प्रिंगचा काटा. त्याचे लघुतम माप १०० ग्रॅम. अडीच किलोच्या बाळाचे सात टक्के म्हणजे १७५ ग्रॅम, दोन घरांपेक्षा कमी. काटा झोळीसह शून्यावर आणला नाही, दुपटे-टोपी अंगावर राहिली, तर शंभर-दीडशे ग्रॅमची चूक सहज होते. मोजायची राशी आणि मोजण्यातील चूक एकाच आकाराची असेल तर निष्कर्ष काढू नये, हा धडा आपण व्हर्नियर शिकवताना देतो आणि व्हर्नियरबरोबरच कपाटात ठेवून देतो. अलीकडे बारीक मापाचे इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत आणि २०२१ पासून नोंदी पोषण ट्रॅकरवर मोबाइलमध्ये जातात. काटा सुधारला हे चांगलेच. पण जन्मवजनाच्या नोंदींत २.५ हा आकडा नको तितक्या वेळा येतो, ही देशभरची जुनी दुखणी आहेत. २.५ च्या खाली लिहिले तर ‘कमी वजनाचे’ ठरते, मग प्रश्न येतात. हा २५०० ग्रॅमचा उंबरठा मुळात फिनलंडच्या आर्वो इल्प्यो या बालरोगतज्ज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी वापरात आणला. तो आपल्या नोंदवहीत कारकुनी सोय होऊन बसला आहे.

या काळात वजन कसे वापरावे याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ मध्ये गावातल्याच आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. वजनाचा काटा त्यांच्या पिशवीत होता, पण त्याच्याबरोबर बाळ पिते कसे, श्वास कसा, तापमान किती, हेही पाहिले जाई. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे २०११ मध्ये त्याच धर्तीवर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची देशव्यापी योजना झाली: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. तिथे आकडा एकटा नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाची लंगोटी दिवसातून सहा वेळा ओली होते का, हा प्रश्न काट्याच्या दोन घरांपेक्षा कितीतरी जास्त सांगतो, आणि तो विचारायला पैसे लागत नाहीत.

इथवर फक्त बाळाचे झाले. तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव त्याला आईच नाही, ही आहे. आम्ही पाहिलेल्या कार्डांत गरोदरपणी आईच्या वजनाच्या नोंदी होत्या. बाळंत झाल्यावर ताप, रक्तस्राव, रक्तदाब, स्तन यांना रकाने होते, वजनाला नव्हता. बाळ बाहेर आले की आईचे वजन हा विषय संपला, असा त्याचा अर्थ होतो. हिशेब करून पाहू या. समजा नऊ महिन्यांत तिचे वजन ७ किलो वाढले. बाळ २.७, वार अर्धा किलोच्या आत-बाहेर, गर्भजल पाऊण किलो आणि रक्त अर्धा किलो. प्रसूतीबरोबरच साडेचार किलो गेले. पुढच्या काही आठवड्यांत घाम आणि लघवीवाटे साठलेले आणखी दोन-अडीच किलो पाणी जाते. सव्वा महिन्याला शिल्लक शून्य. आणि खर्च तर आता सुरू झाला आहे. रोज ७५० मिलिलिटर दूध म्हणजे सुमारे ५०० किलोकॅलरी. ते तयार करण्यातील घट धरली तर सव्वासहाशेच्या घरात. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० जादा, अशी आहे. बाजरीच्या दोन मोठ्या भाकरी, रोज, नेहमीच्या जेवणावर.

सुस्थितीतली बाई यातला काही भाग साठवलेल्या चरबीतून भागवते आणि महिन्याला पाऊण किलोच्या आसपास उतरते. बारीक बाईकडे साठा नसतो. दूध तरीही येते, बऱ्यापैकी चांगले येते. म्हणूनच तिची तूट कोणाला दिसत नाही. डिंकाचे लाडू, हळीव, शेपू, शेकशेगडी, सव्वा महिना बाजेवर, या आपल्याकडच्या चालीचा मोठा भाग तूट भरून काढणाराच आहे. पाणी कमी द्यावे, हे खाऊ नये, ते खाऊ नये, हा भाग मात्र टाकून द्यायचा. पण चाल पाळायला घर लागते आणि घरी थांबणारी बाई लागते.

बीड हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीला गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि अर्धा कोयता थांबला तर उचल फिटत नाही. फडावर कोपीत राहायचे, पहाटे उठायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची नोंद घेतली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. वर्षानुवर्षे गावोगाव सर्वांना माहीत असलेली गोष्ट मोजल्यावर विधिमंडळात पोहोचली. बाळंतिणीचे उतरते वजन अजून कोणी तसे मोजलेले आम्ही पाहिले नाही.

तक्ता फेकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्या महिन्यापासून पुढे तो फार उपयोगी आहे. त्याच्या शेजारी एक छोटा आलेख हवा: आडव्या अक्षावर १४ दिवस, उभ्यावर जन्मवजनाचे टक्के, ९० ते ११० पर्यंत, आणि आधी खाली जाऊन मग वर येणारी रेघ. नोंदीचे दिवस आपल्याकडे ठरलेलेच आहेत. पाचवीला वजन वळू लागलेले असावे आणि बाराव्याला, नाव ठेवताना, जन्मवजनाच्या आसपास आलेले असावे. चौदाव्या दिवसापर्यंत नक्की. पाळणा बांधतात त्याच आढ्याला काटा टांगता येतो. आणि खाली एक रकाना आईचा: सव्वा महिन्याला, तीन महिन्यांना, सहा महिन्यांना. नववीच्या वर्गात शेकडेवारी आणि आलेख शिकवताना असा तक्ता विद्यार्थ्यांकडून आखून घेता येईल. त्यांतल्या काहींच्या घरी त्या वेळी पाळणा हलत असेल.

त्या वस्तीवर आम्ही जानेवारीत पुन्हा गेलो. आजी होती. डबा पहिल्या महिन्यातच संपला, दुसरा परवडला नाही, लेकरू अंगावरच पीत होते, असे तिने सांगितले. लेक-जावई दिवाळीनंतर बाळासह सांगलीकडे फडावर गेले होते. कार्ड ट्रंकेत होते. मुलाच्या तक्त्यावर तीन ठिपके होते, पिवळा, मग दोन हिरवे, आणि पुढे ताईंच्या अक्षरात ‘स्थलांतरित’. आईच्या पानावर वजनाची शेवटची नोंद सातव्या महिन्यातली होती: ४३ किलो.