इस्केमिया चाचणी: ‘औषधं पुरतात’ हे वाक्य डिंभ्यात कसं वाचायचं?

हृदयाच्या धमन्यांच्या आजारावरची इस्केमिया चाचणी बहुतेक वेळा एका ओळीत सांगितली जाते: आजार स्थिर असेल तर स्टेंटने आयुष्य वाढत नाही, औषधं पुरतात. ओळ खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी पेपरच्या ‘पद्धती’ या भागात सापडते, आणि परीक्षेच्या घाईत आपण नेमका तोच भाग गाळतो.

२०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला हा पेपर उघडा. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला औषधं, शिवाय अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला सुरुवातीला फक्त औषधं. म्हणजे औषधं दोन्हीकडे होती, हे आधी अधोरेखित करा. सुमारे सव्वातीन वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४४. छातीत वरचेवर दुखणाऱ्यांना मात्र पहिल्या गटात जास्त आराम पडला.

आता कुणाला वगळलं ते बघा. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के किंवा जास्त अडथळा असलेले, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्क्यांखाली असलेले. त्यामुळे छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या माणसाला हा निष्कर्ष लागू नाही. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं.

माझी टीका चाचणीवर कमी आणि तिच्या वापरावर जास्त आहे. तिथे ‘औषधोपचार’ म्हणजे अ‍ॅस्पिरिन, जोरदार मात्रेतलं स्टॅटिन, एलडीएल ७० च्या खाली आणायचं लक्ष्य, रक्तदाबावर नजर आणि ठरलेल्या भेटी. आता आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या काठच्या एखाद्या वाडीतला शेतमजूर डोळ्यांपुढे आणा. रक्ततपासणीला घोडेगाव किंवा मंचर गाठायचं तर त्या दिवसाचा रोज बुडतो. बरं वाटलं की गोळी बंद. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. वर्षानुवर्षं रोज घ्यायच्या गोळ्यांचं काय, हा प्रश्न घरच्यांवरच येतो.

ही अडचण कल्पनेतली नाही. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे श्रीमंत देशांत ६६.५ टक्के होते, तर भारत ज्यात मोडत होता त्या गरीब देशांच्या गटात ३.३ टक्के. त्यातही खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा कमी. आकडे जुने आहेत, पण प्रश्न अजून तोच आहे.

म्हणून ‘स्टेंटची गरज नाही’ हे डिंभ्यातल्या माणसाला सांगताना त्याच्या गोळ्यांची सोय झाली नसेल, तर आपण त्याला चाचणीतला उपचार दिलेलाच नाही.

तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘नेहमीचा उपचार’ असं मोघम लिहून पुढे जाऊ नका. गोळी कोण देणार, पैसे कोण भरणार, घेतली की नाही हे कोण आणि कसं मोजणार, हे लिहा. मार्गदर्शक पहिला प्रश्न इथेच विचारतील, आणि विचारायलाच हवा.