गोंगाटाला हात हवेत

फ्रान्समधले इंडस्ट्रियल आणि रिदमिक नॉइज संगीत ध्वनीच्या अंगाने आज पूर्वी कधी नव्हते इतके सफाईदार झाले आहे. ठोके घट्ट बसतात, खर्ज पोटात शिरतो, खरखरीचा प्रत्येक थर वेगळा ऐकू येतो. पण मैफलीत, डोळ्यांदेखत, नेमके काय घडते आहे असे विचारले की ठाम उत्तर देऊ शकणारे कलाकार थोडेच उरतात. व्हायोलिनवादकाचा हात आणि कानावर येणारा सूर यांचे नाते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. लॅपटॉपमागे उभ्या कलाकाराच्या बाबतीत ते नाते तुटलेले असते. घरी तयार केलेला ट्रॅक तो मोठ्या आवाजात ऐकवतो आहे की या क्षणी काही घडवतो आहे, हे श्रोत्याला कळत नाही. माझ्या मते या कलेची आजची स्थिती जोखायची खरी कसोटी हीच आहे. विशेष म्हणजे हा प्रश्न फ्रान्सला नवा नाही, तो तिथेच जन्मला.

रेडिओवर अभियंता असलेल्या पिएर शेफेर यांनी 1948 साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतून एक लहानशी रचना बांधली. त्या वर्षीच्या 5 ऑक्टोबरला ती अशाच इतर रचनांसोबत रेडिओवरून प्रसारित झाली. तबकडीवरची खाच स्वतःशीच बंद करून आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, ही शेफेर यांची युक्ती. आजच्या प्रत्येक लूपचे मूळ त्या बंद खाचेत आहे. रुळांची धडधड लय म्हणून ऐकता येते हे त्यांनी सिद्ध केले, पण त्यात वादक उरला नाही. दीड वर्षाने, 1950 मध्ये, शेफेर आणि संगीतकार पिएर आँरी यांची रचना श्रोत्यांसमोर आली तेव्हा समोर बघण्यासारखे होते ते स्पीकर.

ही उणीव शेफेर यांनाही जाणवली असावी. 1951 साली त्यांनी झाक पुलँ या तंत्रज्ञाच्या साथीने अशी यंत्रणा मैफलीत आणली, की मंचावरचा माणूस मोठ्या वेटोळ्यांच्या मधोमध हात हलवून आवाज या स्पीकरकडून त्या स्पीकरकडे नेऊ शकत असे. ध्वनी आधीच तयार होता, त्याची वाट मात्र हात ठरवत होता. पुढे 1974 मध्ये फ्रान्स्वा बेल यांनी आकुस्मोनियम उभारले. हा स्पीकरांचाच वाद्यवृंद. वेगवेगळ्या आकारांचे आणि वेगवेगळ्या स्वभावांचे डझनावारी स्पीकर मंचभर मांडायचे आणि श्रोत्यांच्या मध्ये बसलेल्या कलाकाराने मिक्सरवरून ते ‘वाजवायचे’. प्रयोगशाळेत जन्मलेल्या संगीताला हात मिळवून देण्याचा हा फ्रेंच प्रयत्न मला त्यांच्या साऱ्या शोधांपेक्षा मोठा वाटतो.

इंडस्ट्रियल हे नाव मात्र 1976 च्या लंडनमधून, थ्रॉबिंग ग्रिसल या गटाच्या लेबलमुळे आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मेताल युर्बँ हा गट ढोलवादकाऐवजी ड्रम मशीन घेऊन पंक वाजवू लागला होता. ऐंशीच्या दशकात आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ग्रनोबल या औद्योगिक शहरातून दोन टोकांच्या वाटा निघाल्या. झाँ-मार्क व्हिवेंझा यांनी कारखान्यांतल्या यंत्रांचे आवाज हेच संगीताचे द्रव्य मानले आणि इटालियन फ्युचरिस्ट लुइजी रुसोलो यांचा वारसा उघडपणे सांगितला. एताँ दोने या नावाने वावरणाऱ्या हुर्तादो बंधूंनी कारखान्याकडे पाठ फिरवली. श्वास, किंकाळी, कुजबुज आणि देह पणाला लावणारे सादरीकरण ही त्यांची सामग्री. पहिल्या वाटेवर यंत्र बोलते आणि माणूस मागे सरतो, दुसरीवर माणूसच यंत्राइतका निर्दय होतो. आजही फ्रेंच मंचावर जे दिसते ते बहुतांशी या दोन टोकांच्या मधले आहे.

फ्युचरिस्टांच्या वारशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्या चळवळीचे अध्वर्यू मारिनेत्ती मुसोलिनीच्या बाजूने उभे राहिले होते. गणवेश, कवायतीचा ठेका, बलाढ्य यंत्राची पूजा ही प्रतिमासृष्टी निव्वळ सौंदर्य म्हणून वापरता येत नाही. ती वापरणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत हे संगीतातूनच दाखवले पाहिजे. ‘आम्ही फक्त आवाज करतो’ हे उत्तर पुरत नाही.

रिदमिक नॉइजची तंत्ररीत सोपी आहे, म्हणूनच ती फसवी आहे. ड्रम मशीनचा खर्जातला ठोका क्षमतेपलीकडे वाढवून मिक्सरमधून ढकलला की त्याच्या लहरीचे माथे सपाट होतात आणि नवे, खरखरीत उपस्वर जन्मतात. ठोका आणि गोंगाट वेगळे राहत नाहीत. ठोक्याच्या शेपटातूनच गोंगाट निघतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत टिकून राहतो. माद्रिदच्या एस्प्लेंदोर हेओमेत्रिको या गटाने 1980 पासून ही वाट मळवली. नंतर जर्मनीतले आंट-झेन हे लेबल आणि 1999 मध्ये आखेनला सुरू झालेला माशिनेनफेस्ट हा महोत्सव या शैलीचे घर बनले. फ्लिंट ग्लाससारख्या फ्रेंच प्रकल्पालाही आपला श्रोता मोठ्या प्रमाणात तिथेच भेटला. फ्लिंट ग्लासची खासियत संयमात आहे. ठोका पुढे रेटण्याऐवजी तो धुक्यासारख्या थरांमागे ठेवला जातो, त्यामुळे लय आदळत नाही, जवळ येत राहते. पण या पिढीतल्या बहुतेकांच्या मैफली त्यांच्या अल्बमपेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या, आणि ही शैली जिथे अडली ती याच ठिकाणी.

तिला बाहेर काढणारा धडा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या शेजारच्या घरात होता. नव्हेर शहरालगतच्या व्हारेन-व्होझेल या रेल्वे कार्यशाळांच्या गावात 1987 साली ले तांबूर द्यु ब्राँक्स हा गट जमला. पंधरा-वीस माणसे, 225 लिटरची लोखंडी तेलाची पिंपे आणि लाकडी दांडके एवढीच सामग्री. दांडक्यांच्या चिरफळ्या उडतात, पिंपे चेपत जातात, वादक थकतो आणि ती थकावट लयीत ऐकू येते. पुढे त्यांनी इलेक्ट्रॉनिक आवाजही घेतले, ब्राझीलच्या सेपुल्तुराबरोबर 2011 मध्ये रॉक इन रिओच्या मंचावरही उभे राहिले. या भव्यतेत त्यांनी काही गमावले, असे मला वाटते. गिटारींच्या भिंतीपुढे पिंपाचा आवाज सजावट होऊन बसतो. तरीही त्यांचे मूळ म्हणणे टिकून आहे. कारखान्याच्या लयीत माणसाचे श्रम असतात, ते वगळले की उरतो तो फक्त खडखडाट.

हे म्हणणे नव्या गटांनी ऐकले आहे. मोआन एक्सिसने आणि बझांसोंच्या होर्श्कने इलेक्ट्रॉनिक आवाजांसोबत जिवंत ढोलवादक बसवला. मशीनचा ठोका एक तसूभरही हलत नाही, माणसाचा हलतो. या दोन ठोक्यांमधल्या बारीक फटीत सगळा ताण साठतो आणि तोच या मैफलींचा प्राण आहे. तुलूझच्या पनिश युअरसेल्फने अंगभर चमकते रंग लावून अतिनील दिव्यांखाली मंच पेटवला. तो आनंदसोहळा खरा, पण त्यात डोळ्यांना कानांपेक्षा जास्त मिळते. कॉम्प्रोमाट या जोडीने 2019 मध्ये जर्मन भाषेत गाऊन ही शैली मोठ्या महोत्सवांच्या गर्दीपर्यंत नेली. कारागिरी उत्तम आहे, पण बर्लिनच्या जुन्या काळाचे हे इतके अचूक स्मरण आहे की आजच्या फ्रान्सबद्दल ते फारसे काही सांगत नाही.

आजच्या कलाकारांत फ्राँक व्हिग्रू यांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते सिंथेसायझर मंचावर हाताने चालवतात. दृश्यकलाकार आंत्वान श्मिटबरोबरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये पडद्यावर असंख्य ठिपक्यांची खळबळ त्याच वेळी घडत असते. पडदा इथे संगीताची जाहिरात करत नाही, त्याच्याशी झुंजतो. फिनलंडच्या मिका वाइनिओबरोबर 2015 मध्ये त्यांनी केलेल्या अल्बममध्येही हाच गुण आहे. लय कधी कोसळेल याचा भरवसा नसतो, आणि ती उभी राहते तेव्हा तिची किंमत कळते. ग्रनोबलच्याच मेतामकीनने हा प्रश्न आणखी मुळाशी जाऊन सोडवला. हे तिघे 16 मिमी प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रे घेऊन पडद्यापुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात. प्रतिमा आणि आवाज कसे घडतात, हे सारे उघड्यावर. याच्या उलट टोकाला रोमँ पेरो यांचा व्होमीर प्रकल्प आहे. लय नाही, बदल नाही, हालचाल नाही, फक्त न हलणारी गोंगाटाची भिंत. तरी त्यात फसवणूक नाही. हात चालवण्याचे नाटक करण्यापेक्षा हात नाकारणे अधिक प्रामाणिक आहे.

या मैफलींना कायद्याची चौकटही आहे. 1998 च्या नियमाने 105 डेसिबलपर्यंत मुभा होती. ऑगस्ट 2017 च्या आदेशाने ती पंधरा मिनिटांच्या सरासरीवर 102 डेसिबलपर्यंत खाली आणली आणि खर्जाला जास्त मोजणाऱ्या सी-मापनावर 118 ची वेगळी मर्यादा घातली. कानांचे बोळे मोफत देणे आणि कानांना विसावा मिळेल अशी सोय करणेही बंधनकारक झाले. अनेकांना हा गळा आवळणारा नियम वाटतो. मला तसे वाटत नाही. श्रोत्याचा कान शाबूत राहणे ही या कलेचीच गरज आहे, आणि सरासरी मोजली जाते तेव्हा शांततेलाही मोल येते. पाच मिनिटे दबक्या आवाजात वाजवणाऱ्याला नंतर जोरात वाजवायला जागा उरते. सतत कमाल पातळीवर राहणाऱ्या संगीताकडे तसेही सांगण्यासारखे कमीच असते. ज्यांची ताकद फक्त डेसिबलमध्ये होती त्यांचे नुकसान झाले, ज्यांची रचनेत होती त्यांचे नाही.

खरी अडचण जागांची आणि पोटापाण्याची आहे. माँत्रयचे लेझ एँस्ताँ शाव्हिरे हे सभागृह 1991 पासून असल्या संगीताला निष्ठेने दार उघडे ठेवून आहे. पण सँ-तुआँच्या मँ दव्र या कलाकेंद्राला ऑक्टोबर 2019 मध्ये पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले आणि परत यायला न्यायालयात जावे लागले. मंचावरच्या कलाकारांसाठीचा बेकारी भत्ता मिळवायला बारा महिन्यांत 507 तासांचे नोंदलेले काम लागते. छोट्या सभागृहात पन्नास श्रोत्यांपुढे वाजवणाऱ्याला हे तास जमवणे कठीण जाते. मग एकट्याने, हलक्या सामानानिशी, एका बॅगेत मावेल एवढ्या यंत्रांवर मैफल करणे भाग पडते. लॅपटॉप ही पुष्कळदा कलात्मक निवड नसते, प्रवासखर्चाचा हिशेब असतो. टीकाकाराने हे लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणूनच माझे म्हणणे आयोजकांना उद्देशून अधिक आहे. एका रात्रीत आठ नावे लावून प्रत्येकाला चाळीस मिनिटे देण्यापेक्षा तीन कलाकार बोलवावेत, त्यांना दोन दिवस आधी सभागृह मोकळे करून द्यावे आणि मिक्सर श्रोत्यांच्या मधोमध ठेवावा. ढोलवादक, दुसरा सहकारी, जड यंत्रे आणण्याचा खर्च महोत्सवाने उचलावा. कलाकारांनीही प्रत्येक मैफलीत निदान एक गोष्ट अशी ठेवावी जी चुकू शकते. शेफेर यांच्या हलत्या हातापासून व्हिग्रू यांच्या डळमळत्या लयीपर्यंत या परंपरेत जे टिकले ते चुकण्याची जोखीम घेणाऱ्यांचेच टिकले. फ्रान्सकडे यंत्रे आहेत, जाणते श्रोते आहेत आणि पाऊण शतकाचा अनुभव आहे. एवढ्या शिदोरीवर निव्वळ ट्रॅक ऐकवणाऱ्या मैफलींवर समाधान मानणे हा त्या परंपरेवर अन्याय ठरेल.